दादा, खुर्चीचा पहिला नंबर माझा होता

प्रिय दादा,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलंय. पत्राची सुरुवात तशी करतात, म्हणून. नाहीतर आत्ता तू समोर असतास ना, तर पहिला शब्द वेगळाच निघाला असता.

काल म्हशाच्या जत्रेतून आले. आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. एका ब्लाउजच्या बाह्या उलट्या जोडल्या, उसवल्या, परत उलट्याच जोडल्या. भाकरी करपली. वहिनीनं विचारलं, एवढी कुणावर चिडलीस? म्हटलं, तुझ्या नवऱ्यावर. तिनं तवा आपटला आणि तोंड फिरवलं. गेलेल्या माणसावर चिडायचं नसतं म्हणे. का नसतं? जिवंत होतास तेव्हा धड चिडायला तरी कुठं मिळालं? शनिवारी रात्री यायचास, रविवारी कपडे धुवून घ्यायचास आणि सोमवारी उजाडायच्या आत मोटारसायकल काढून वाशिंदला कंपनीत. आता कुठं जाणार आहेस? बस तिथं आणि ऐक.

आधी कावीळ. ती बाकी आहेच. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते तुझे आणि तू गळ्यात ती काविळीची माळ घालून अंगणात बसला होतास. माळ लांबत चाललीय म्हणजे कावीळ उतरतेय, असं मलाच समजावत होतास! मी म्हटलं, शहापूरला डॉक्टरकडं चल, रक्त तपासू. तर म्हणे, गणपती होऊ दे. झाले गणपती. माळ पोटापर्यंत आली आणि तू गेलास. इतकी साधी गोष्ट ऐकली असतीस तर मरण आलं असतं का? माझं ऐकायचं नाही हे ठरलेलंच होतं म्हणा. माझं फक्त उचलायचं.

हो, उचलायचं. त्यासाठीच लिहायला बसलेय.

तुला वाटत असेल, सुनी विसरली. मी काही विसरलेले नाही. वाशिंदच्या कंपनीत कुणीतरी तुला ते विलायती रॉक पहिल्यांदा ऐकवलं आणि तू खुळावलास. कल्याणच्या रेकॉर्डिंगच्या दुकानातून एकेक अल्बम कॅसेटवर भरून आणायला लागलास. कव्हर म्हणजे काळीपांढरी झेरॉक्स. बँडचं नाव आपल्यात कुणाला धड म्हणता येत नव्हतं, म्हणून चित्रावरून नावं पडली. वाळूत रिकामी खुर्ची मांडलेली होती, ती 'खुर्ची'. एक बाई कंदील वर धरून उभी होती, तो 'कंदील'. आणि घराच्या छपरावर चढलेली ती 'बकरी'. तिकडं त्या लोकांना कळलं असतं की मुरबाड तालुक्यात त्यांच्या आयुष्यभराच्या मेहनतीला बकरी म्हणतात, तर रडले असते बिचारे!

तुमची चौघांची बँजो पार्टी. तू बँजोवर, बाळू कॅसिओवर, जनार्दन ड्रमवर, आणि टेम्पो, स्पीकर, जनरेटर सगळं किसनचं. हळदीला वाजवायला जायचात. मध्येच तू खुर्चीतल्या तिसऱ्या गाण्याचा सूर बँजोवर घुसवायचास, आणि डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या त्यावर हात वर करून नाचायच्या. घरी येऊन पोट धरधरून हसत सांगायचास. ते मला आवडायचं, नाही म्हणत नाही.

आणि दर वर्षी म्हशाच्या जत्रेत तुमचं ते नंबर लावणं. घोंगड्यांच्या दुकानांच्या मागं किसनचा टेम्पो उभा करायचा, खाली ताडपत्री अंथरायची आणि कुठला अल्बम पहिला, कुठला दुसरा यावर घसा बसेपर्यंत भांडायचं. लोक बैल बघायला यायचे, तुम्ही नंबर लावायला. मी त्याच जत्रेत बांगड्या भरत फिरायचे. तुमचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू यायचा. एकदा तुला म्हटलं, मी पण येते. तू म्हणालास, "बायका नाय बसत गो तिथं. पोरं शिव्या देतात." जसं काही मला शिव्या येतच नव्हत्या.

पण दादा, ऐकायचं कोण? खरं सांग. तू आठवडाभर वाशिंदच्या खोलीवर, टेप इथं घरी. माझ्या मशीनच्या डोक्यावर, फळीवर. सकाळी मशीनवर बसले की मी कॅसेट लावायचे ती आईनं जेवायला हाक मारेपर्यंत. परत लावायचे ती दिवेलागणीपर्यंत. तू रविवारी ऐकायचास आणि मी रोज. इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं, तुला तरी कुठं कळत होतं? पण कुठल्या गाण्यात तो माणूस खरं बोलतोय आणि कुठं नुसता ओरडतोय, ते कळायला इंग्रजी लागत नाही.

पहिल्यांदा विचारायला आलास तो रविवार मला लख्ख आठवतो. जत्रा तोंडावर आली होती. मशीनजवळ पाट ओढून बसलास आणि म्हणालास, "सुने, खुर्ची चांगली हाय ते मला कळतं. पण का चांगली? नुसतं चांगली बोललो का बाळू ऐकत नाय." मी पायडलवरचा पाय न काढता सांगितलं. म्हटलं, कपडा उलटा करून बघ. वरून सगळेच चांगले दिसतात. खुर्चीचं अस्तर बघ. एक गाणं संपून दुसरं कुठं जोडलंय ते हाताला लागत नाही. बकरीचं वरचं कापड भारी आहे, पण आतून सगळे टाके लोंबतायत.

दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलंस. पाढे पाठ करतात तसं! जत्रेतून आलास तो हवेत. बाळूचं तोंड बंद झालं म्हणे. खुर्ची पहिली आली म्हणे. जनार्दन म्हणाला, काय बोलतो रे रमेश, वकील व्हायला पाहिजे होता. तू हसत होतास आणि मी पण हसत होते. खुळी कुठली! मला वाटलं, माझी खुर्ची पहिली आली. तेव्हा हे लक्षातच आलं नाही की तिथं कुणी माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

मग तो रिवाजच पडला. जत्रेच्या आधीच्या रविवारी पाट ओढायचा आणि विचारायचं, आता काय सांगू? जत्रेनंतर परत यायचं आणि कोण काय बोललं ते इत्थंभूत सांगायचं. बाळूनं असा मुद्दा काढला, किसननं तसा टोमणा मारला, ह्याला काय उत्तर देऊ गो? मी बॉबिन भरता भरता उत्तर द्यायचे. ते उत्तर पुढच्या जत्रेला तुझ्या तोंडून बाहेर पडायचं. एकदा तरी बोललास का, 'हे माझ्या बहिणीचं आहे'? चेष्टेत तरी? दारू पिऊन तरी?

बरं, तेही मी गिळलं. भाऊ आहे, मान मिळतोय तर मिळू दे. पण नंतर तू जे केलंस ना, ते मला अजून पचलेलं नाही.

आई गेली त्या वर्षी मी खुर्ची लावून बसायचे आणि मला काही म्हणजे काही व्हायचं नाही. इतकी सफाईनं शिवलेली वस्तू, कुठून आत शिरणार? घडी घालून कपाटात ठेवायच्या शालूसारखी. मग एक दिवस कंदील लावला. त्यातलं चौथं गाणं आठव. त्या माणसाचा आवाज वर जाताना फुटतो. सरळ फुटतो! आणि तो थांबत नाही, तसाच पुढं गातो. त्यांनी ते परत रेकॉर्ड केलं नाही, तसंच ठेवलं. असा उसवलेला माल मी गिऱ्हाइकाच्या हातात कधी दिला नसता. पण त्यांनी दिला, आणि तो नेमका माझ्या मापाचा निघाला. त्या दिवशी मी मशीन बंद करून रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

त्या रविवारी तुला मी सांगितलं. स्पष्ट सांगितलं की खुर्ची खाली घे. माझं चुकलं होतं. इतकी वर्षं मी फक्त शिवण बघत होते, आतला माणूस बघितलाच नव्हता. कंदील पहिला. तू डोकं खाजवलंस आणि काय म्हणालास? "आता कसं बदलू? सगळे बोलतील, रमेश फिरला."

रमेश फिरला! अरे, फिरले मी होते ना? तुला काय फरक पडत होता? पण नाही. वर्षानुवर्षं तू माझं जुनं झालेलं मत अंगात घालून मिरवत राहिलास. मी सांगत होते की बाबा, ते मला आता होत नाही, उतरव. तू जत्रेत जाऊन तेच अस्तर, त्याच शिवणी. आणि दर वर्षी खुर्ची पहिली. मी कंदीलसाठी दिलेली वाक्यं कुठं गेली रे? माळशेजच्या घाटात टाकलीस?

आता कालचं.

जनार्दन आणि किसन चार दिवस आधी घरी आले होते. म्हणाले, यंदा रमेशच्या आठवणीत नंबर लावायचेत, घरातलं कुणीतरी या. वहिनी नको म्हणाली. तिला ते संगीत म्हणजे पत्र्यावर दगड पडल्यासारखं वाटतं, तुला माहीत आहे. म्हणाली, सुनीताईला न्या. म्हणजे बघ, एवढ्या वर्षांनी मला त्या ताडपत्रीवर बसायला मिळालं ते कशामुळं? तू मेलास म्हणून.

टेम्पोच्या बॉनेटवर तुझा फोटो ठेवला होता. लग्नातला, केस विंचरलेला, तुझ्यासारखा न दिसणारा. झेंडूचा हार. मोबाईलला स्पीकर जोडला होता, खुर्ची मंद आवाजात लावली होती. मंद! तू असतास तर स्पीकर फोडला असतास.

बाळू उभा राहिला. हो, तोच बाळू, जो इतकी वर्षं बकरीसाठी जीव टाकत आला. म्हणाला, यंदा भांडण नाय. रमेशसाठी खुर्ची पहिली. त्याचा आवाज बसलेला होता, डोळे लाल होते. सगळ्यांनी हात वर केले. मग तो फोटोकडं बघून म्हणाला, रमेश काय बोलायचा, आठवतं का? कपडा उलटा करून बघावा. वरनं सगळेच चांगले दिसतात, अस्तर बघावं. असं बोलणारा माणूस परत नाय व्हायचा.

दादा, माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! माझं वाक्य. माझ्या मशीनवरचं, माझ्या तोंडचं वाक्य माझ्यासमोर तुझ्या फोटोला वाहत होते. आणि कुणालाही एकदासुद्धा असं वाटलं नाही की कंपनीत मशीन चालवणारा आणि लग्नात बँजो वाजवणारा माणूस अस्तराचं काय बोलतोय? तुला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. तुला अस्तर म्हणजे काय ते तरी माहीत होतं का रे?

मी म्हटलं, "बाळूदादा, ते माझं बोलणं हाय."

   किसननं पटकन कपात चहा ओतला आणि आजाऱ्यापुढं धरतात तसा माझ्यापुढं धरला. जनार्दन म्हणाला, सुनीताई बस, दमलीस तू. माझ्याकडं कुणी चिडूनसुद्धा बघितलं नाही. नुसती कीव. भाऊ गेला म्हणून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, एवढंच वाचलं मी त्यांच्या तोंडावर.

हे कुणामुळं? ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. त्यातली एक मी. दुसरा बॉनेटवर हार घालून हसत होता. एक शब्द बोलला असतास जिवंतपणी, तर काल मला असं वेड्यासारखं उभं राहावं लागलं नसतं. जत्रेच्या आदल्या दिवशी वहिनीला म्हटलं होतं, तुला तरी माहीत आहे ना, दादा माझ्याकडून शिकून जायचा? ती म्हणाली, माणूस गेलं नि तू नंबर मागतेस? आता सांग, मी काय हिस्सा मागत होते का जमिनीत? माझंच बोलणं माझं आहे म्हणत होते.

चहा मी तसाच ठेवला. म्हटलं, ठीक आहे, माझं नका मानू. पण तुमचा नियम तरी माना. ज्याच्यावर भांडण झालं नाही त्याला नंबर नाही. दादानं मला शेकडो वेळा सांगितलंय. कुणीतरी विरोधात उभं राहिल्याशिवाय अल्बम पहिला होत नाही. मग खुर्ची पहिली कशी झाली?

बाळू म्हणाला, नियम रमेशनंच काढला होता. त्याच्यासाठी एक डाव मोडला तर काय बिघडलं?

बिघडलं. दादा, त्या क्षणी मला तुझ्यापेक्षा जास्त राग त्यांचा आला, हे तुला सांगून ठेवते. तू चोर होतास, पण भांडायचास तरी. हे लोक तुझा नंबर तुझ्या पिंडासारखा पानावर ठेवत होते. कावळा शिवला की झालं, मोकळे! जन्मभर भांडून मिळवलेली जागा कुणी फुकट देतं का? मी म्हटलं, खुर्चीच्या विरोधात मी उभी राहते.

आता बाळू चिडला. खराखुरा चिडला, आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणाला, गेलेल्या माणसाच्या अल्बमला नावं ठेवतेस? मी म्हटलं, तो गेलेल्या माणसाचा नव्हताच. माझा होता, आणि मी तो कधीच सोडला. तेव्हा त्यानं मला तो प्रश्न विचारला. दादा, नीट ऐक, कारण त्याचं उत्तर खरं तर तू द्यायला हवं होतंस.

"म्हंजे रमेश एवढी वर्षं आमच्याशी खोटं बोलला, असं बोलायचंय तुला?"

मी तोंड उघडलं. 'हो' म्हणायलाच उघडलं. बाळू माझ्याकडं बघत होता, आणि त्याची हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती. कॅसिओवर तुझ्या शेजारी उभा राहून जन्म काढलेला माणूस. माझ्या एका शब्दावर त्याचा मित्र त्याला राहणार होता किंवा जाणार होता. बघ, कुठं आणून उभी केलीस मला!

मी म्हटलं, "खोटं नाय बोलला. माझं बोलला."

 मग जनार्दननं, तो कधी मध्ये पडत नाही तुला माहीत आहे, स्पीकर बंद केला. म्हणाला, "मग आता तुझं तू बोल."

बोलले मी. उभी राहून बोलले. म्हटलं, खुर्ची माणसाला आत घेत नाही. सगळं बेतून, मापून, इस्त्री करून ठेवलंय. दुःख झालेल्या माणसानं ती ऐकली तर त्यालाच आपली लाज वाटते, की आपणच असे चुरगळलेले कसे. कंदील तसा नाही. त्यात आवाज फुटतो आणि ते लपवत नाहीत. बाळू मध्येच तोडत होता आणि कशानं तोडत होता माहीत आहे? माझ्याच वाक्यांनी! मी वीस-पंचवीस वर्षांत तुला शिकवून पाठवलेलं एकेक वाक्य त्यानं बाहेर काढलं. जोड हाताला लागत नाही, सूर कुठं ढिला नाही, एक टाका वाया नाही. मी माझ्याशीच भांडत होते, आणि समोरची मी काय पक्की होते रे! मला मीच ऐकेना.

आसपासचे घोंगडीवाले उठून बघायला आले. एका बैलवाल्यानं विचारलं, किती दात हायत? त्याला वाटलं जनावराचा सौदा चाललाय.

शेवटी बाळू धापा टाकत खाली बसला, घाम पुसला आणि किसनला म्हणाला, बघ, डिट्टो रमेशसारखी भांडते.

रमेशसारखी! दादा, मी टेम्पोवर डोकं आपटून घ्यायची बाकी राहिले. मी तुझ्यासारखी? तू माझ्यासारखा भांडायचास! हे त्यांना आता जन्मात कळणार नाही. मी कितीही बोलले, कितीही चांगलं बोलले, तरी ते म्हणणार, रक्तातच आहे, भावाचं उतरलंय. तू माझं बोलणं नेलंस ते नेलंस, वर मी बोलते कशी तेसुद्धा तुझ्या नावावर करून गेलास.

हात वर झाले. बाळू, जनार्दन, किसन, तिघांचे खुर्चीला. माझा एकटीचा कंदीलला. मला वाटलं, माझा हात हवेतच राहणार. पाहुणी आहे, बाई आहे, रमेशची बहीण आहे, मोजायचा कशाला? पण किसननं बोट फिरवत मोजलं. माझ्याशी आला, थांबला आणि म्हणाला, तीन इकडं, एक तिकडं. खुर्ची पहिली.

म्हणजे मी हरले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं बोलले आणि हरले, तेही माझ्याच मताकडून, तुझ्या नावाखाली. झालं समाधान? पण एक सांगते, ते हरणं माझं होतं. त्यावर तुझं नाव नव्हतं. घोंगड्यांच्या गल्लीतून बाहेर पडताना मी हसत होते आणि तुला शिव्या देत होते, दोन्ही एकदम.

निघताना बाळू टेम्पोच्या खिडकीतून ओरडला, "पुढच्या वर्षी येशील तवा कंदील नीट ऐकून ये. ते चौथं गाणं निस्तं बेसूर हाय."

बेसूर! तिथं मला काही सुचलं नाही. नुसतंच 'बघते' म्हटलं. घरी आले, मशीनवर बसले आणि सुचलं. असं सुचलं दादा, की बाळू कॅसिओ विकून गावाला जाईल. पाय पायडलवर होता, दोरा दातात होता आणि माझ्या तोंडून हाक गेली, "दादा, बाळूला सांग..."

पाटाकडं बघितलं. मग कळलं.

आता हे उत्तर मी कुणाबरोबर पाठवू? बोल ना. जन्मभर चोरलंस त्याचा राग एक, आणि न्यायला राहिला नाहीस त्याचा दुसरा. कुठला मोठा ते मला कालपासून कळत नाही. चार महिने झाले, सगळे म्हणतात सुनी रडली नाही. नाही रडले. रडू कशाला? माझं सगळं सामान घेऊन मध्येच उतरून गेलेल्या माणसासाठी कोण रडतं?

तर ऐक, शब्द देते. पुढच्या जत्रेला हे उत्तर मीच घेऊन जाणार. माझ्या पायांनी जाणार, त्या ताडपत्रीवर बसणार आणि बाळूच्या तोंडावर सांगणार. तुझं नाव घेणार नाही. 'दादा म्हणायचा' असं एकदासुद्धा म्हणणार नाही. खुर्ची खाली आणीन. पुढच्या वर्षी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या वर्षी, पण आणीन. रमेशची आठवण म्हणून राहू दे, असं म्हणत जो कुणी मध्ये येईल त्याला मी सोडणार नाही. बाळूला सोडणार नाही, किसनला सोडणार नाही.

आणि तू स्वतः मध्ये आलास ना दादा, तर तुलाही सोडणार नाही. ये तर खरा.

तुझ्यावर रागावलेली,
सुनी